मानवतच्या पावसाचा हिशेब पुण्यात कसा होतो? हवामान संशोधनातल्या सामायिक महासंगणकांची गोष्ट

मृगाचा पाऊस पडला की मानवत तालुक्यात बांधाबांधावर एकच चर्चा असते. पेरावं की थांबावं? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण झालेला पाऊस मोजून अर्धाच प्रश्न सुटतो. पुढचे आठ-दहा दिवस पाऊस टिकणार की उघडीप पडणार, हे कळलं नाही तर कापूस आणि सोयाबीनचं महागडं बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणीची वेळ येते.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी लागणारी मोठी आकडेमोड परभणी जिल्ह्यात होत नाही. ती होते पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, आणि दिल्लीजवळच्या नोएडात. तिथले महासंगणक म्हणजे सुपरकॉम्प्युटर कोणा एका जिल्ह्याचे किंवा विद्यापीठाचे नाहीत. ते सगळ्यांनी मिळून वापरायचे आहेत.

ही सामायिक व्यवस्था चालते कशी? तिचा मानवतला काय फायदा होतो? आणि ती अडते कुठे?

हवामानासाठी एवढा मोठा संगणक कशाला लागतो?

हवामानाचं मॉडेल म्हणजे हवा, पाणी आणि उष्णता यांच्या हालचालींची गणितं. ती सोडवण्यासाठी संगणक पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतो. प्रत्येक चौकोनाला तापमान, वारा, दाब आणि आर्द्रता यांचा एकेक सरासरी आकडा मिळतो. चौकोनाच्या आत कुठे पाऊस पडला आणि कुठे कोरडं राहिलं, हे मॉडेलला दिसत नाही.

परभणी जिल्ह्याचं क्षेत्रफळ सव्वासहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यात नऊ तालुके आहेत. जाळी बारीक होत गेली की काय बदलतं ते पाहा:

- १०० किमीचा चौकोन: अख्खा परभणी जिल्हा एकाच चौकोनात मावतो, वर जागा उरते. मानवत वेगळं दिसण्याचा प्रश्नच नाही.
- ५० किमी: जिल्ह्याला मिळून अडीच चौकोन.
- २५ किमी: जिल्ह्याला दहा. म्हणजे साधारण एका तालुक्याला एक.
- १२ किमी: जिल्ह्याला चाळीसच्या वर, तालुक्याला सरासरी पाच.
- ६ किमी: जिल्ह्याला पावणेदोनशेच्या आसपास, तालुक्याला सरासरी एकोणीस.

मग सरळ ६ किमीची जाळी का वापरत नाहीत? कारण खर्च. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय गणित बिघडू नये म्हणून वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. त्यामुळे काम साधारण आठपट वाढतं. ५० किमीवरून थेट ६ किमीवर यायचं तर तेच काम पाचशेपटींहून जास्त होतं. घरचा लॅपटॉप सोडाच, एखाद्या महाविद्यालयाची अख्खी संगणक प्रयोगशाळाही यापुढे थकते.

पुण्यात नेमकं काय आहे?

८ जानेवारी २०१८ रोजी आयआयटीएममध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी आकडेमोड. त्याचा २.८ पेटाफ्लॉपचा जोडीदार 'मिहिर' नोएडातल्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात बसवला गेला. या काळात अंदाजाच्या जागतिक मॉडेलचे चौकोन १२ किमीचे होते.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुढची जोडी आली. पुण्यात ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क' आणि नोएडात ८.२४ पेटाफ्लॉपचा 'अरुणिका'. या प्रकल्पाचा खर्च ८५० कोटी रुपये. त्या दिवशी मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला होता, त्यामुळे हवामानाच्या या यंत्रांचं लोकार्पण दूरदृश्य प्रणालीनं झालं.

अर्कची साठवण क्षमता ३३ पेटाबाइट आहे. १२८ जीबीचे अडीच लाख मोबाइल भरतील एवढी ही जागा.

२६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' अधिकृतपणे सुरू झाली. आयआयटीएमनं विकसित केलेल्या या मॉडेलचे चौकोन उष्णकटिबंधात ६ किमीचे आहेत. मानवत तालुका पहिल्यांदाच जागतिक मॉडेलमध्ये ठिपका न राहता छोट्या नकाशासारखा दिसू लागला, तो इथे.

रोजचा अंदाज आणि हवामान बदलाचा अभ्यास यात फरक काय?

रोजच्या अंदाजाला घाई असते. सकाळच्या निरीक्षणांवरून पुढच्या दिवसांचं चित्र काही तासांत तयार व्हावं लागतं, नाहीतर त्याचा उपयोग संपतो.

हवामान बदलाच्या अभ्यासाला घाई कमी, पण काम प्रचंड. संशोधक १९५० पासून २१०० पर्यंतचं हवामान संगणकात चालवून पाहतात. तेही एकदा नाही. जगानं कार्बन उत्सर्जन कमी केलं तर काय होईल, वाढवलं तर काय होईल, अशा वेगवेगळ्या शक्यतांसाठी आणि वेगवेगळ्या मॉडेलांवर ते पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. एकाच मॉडेलवर भरवसा ठेवला तर त्याची चूक पकडायला दुसरं कोणी उरत नाही.

या अभ्यासासाठी आयआयटीएममध्ये २००९ मध्ये हवामान बदल संशोधन केंद्र सुरू झालं. २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयानं भारतातल्या हवामान बदलाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या केंद्राचा मोठा वाटा होता. अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं. १९५१ ते २०१५ दरम्यान मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मात्र दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याच्या घटना मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या.

म्हणजे एकूण पाऊस कमी, पण पडला तर एकदम. मराठवाड्याला हे नव्यानं सांगायला नको. १ आणि २ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत परभणी जिल्ह्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यानं पुन्हा महापूर पाहिला.

पण ७५ टक्के हा आकडा मध्य भारताचा आहे. २०४० मध्ये मानवतच्या नाल्यावरचा पूल किती पाण्यासाठी बांधायचा, कापसाऐवजी दुसरं पीक बघायचं का, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी जागतिक मॉडेलचं चित्र स्थानिक पातळीवर बारीक करावं लागतं. दक्षिण आशियासाठी हे काम 'कॉर्डेक्स' या आंतरराष्ट्रीय उपक्रमातून चालतं आणि त्याची धुरा आयआयटीएमकडे आहे. त्यातली बरीच माहिती ५० किमीच्या चौकोनांची आहे. म्हणजे परभणी जिल्ह्याला अडीच.

'सामायिक' म्हणजे कोणी कोणाशी काय वाटून घेतं?

याची सुरुवात टंचाईतून झाली. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून मोठा महासंगणक हवा होता. तो लष्करी कामासाठी वापरला जाईल या शंकेनं अमेरिकेनं निर्बंध घातले. हवामानासाठी एक क्रे यंत्र मिळालं, पण मागितलेल्यापेक्षा कमी ताकदीचं आणि अटींसह. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

आज या वाटून वापरण्याचे चार थर आहेत.

१. यंत्र. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ४,५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केलं. सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ते राबवतात. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' याच मिशनमधला. सरकारच्या माहितीनुसार मार्च २०२५ पर्यंत देशात अशी ३४ यंत्रं बसली आणि त्यांची एकत्रित क्षमता ३५ पेटाफ्लॉप झाली. दोनशेहून अधिक संस्थांमधले संशोधक ती वापरतात. यंत्र एका संस्थेत असलं तरी दुसऱ्या संस्थेतल्या संशोधकाला प्रकल्प मंजूर करून घेऊन दूरून काम करता येतं.

२. जोडणी. दूरून काम करायचं तर जलद इंटरनेट हवं. त्यासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळं, म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्क, मंजूर झालं. विद्यापीठं आणि संशोधन संस्था या जाळ्यानं एकमेकांना जोडलेल्या आहेत.

३. माहिती. एकानं चालवलेलं मॉडेल दुसऱ्यानं पुन्हा चालवायचं कारण नाही. जगभरातल्या हवामान मॉडेलांची माहिती एका जागतिक जाळ्यावर ठेवली जाते आणि आयआयटीएमही त्यातलं एक केंद्र चालवते. भारतीय हवामान विभागानं १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची देशभराची जाळी तयार केली आहे, साधारण २५ किमीच्या चौकोनांची. ती पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते.

४. माणसं. यंत्र चालवणारे, माहिती वाचणारे आणि तिचा स्थानिक अर्थ लावणारे. हा थर सर्वांत पातळ आहे.

वाटून घेणं ही गरीब देशांची अडचण आहे असं समजायचं कारण नाही. युरोपातले श्रीमंत देशही १९७५ पासून मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी एकच केंद्र चालवतात. त्याचं मुख्यालय इंग्लंडमध्ये रेडिंगला आणि महासंगणक इटलीत बोलोन्याला. प्रत्येक देश आपला वाटा देतो आणि निकाल सगळ्यांना मिळतो.

यातलं मानवतपर्यंत काय येतं?

चार गोष्टी थेट येतात.

पहिली, ग्रामपंचायतनिहाय अंदाज. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी पंचायतराज मंत्रालय आणि हवामान विभागानं तो सुरू केला. पाच दिवसांचं तापमान, पाऊस, ढग आणि वारा 'मेरी पंचायत' या ॲपवर पाहता येतो. केकरजवळा, कोल्हा, ताडबोरगाव किंवा रामपुरी, गाव निवडलं की अंदाज समोर येतो.

दुसरी, कृषी सल्ला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा मराठी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'हलका ते मध्यम पाऊस' याचा अर्थ कापसावर फवारणी करायची की पुढे ढकलायची, हे त्यात सांगितलेलं असतं.

तिसरी, मोजणी. 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. नुकसानभरपाईचा आणि पीक विम्याचा हिशेब अशा नोंदींपासून सुरू होतो.

चौथी, पाण्याचा ताळेबंद. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आला. त्यासाठी आयआयटी मुंबईनं गावपातळीवरचं मॉडेल बनवलं. पाऊस, माती, उतार आणि पिकं यांवरून गावात किती पाणी मुरतं, किती वाहून जातं आणि पिकाला किती कमी पडतं, हे ते काढतं.

मग अडतं कुठे?

मुख्य अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. २०१८ नंतर देशातल्या १९९ जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली होती. प्रत्येक केंद्रात एक तज्ज्ञ आणि एक निरीक्षक, अशी दोन माणसं. जिल्ह्याचा अंदाज घ्यायचा आणि तालुक्याच्या पिकांना लागू होईल असा सल्ला लिहायचा, हे त्यांचं काम. २०२४ मध्ये ही केंद्रं बंद करण्यात आली.

परभणीला कृषी विद्यापीठाचं जुनं केंद्र आहे, म्हणून हा जिल्हा पूर्ण उघडा पडला नाही. पण चित्र लक्षात घ्या. एकाच वर्षात पुण्यात अर्क आला, गावनिहाय अंदाज सुरू झाला, आणि तो अंदाज शेतकऱ्याच्या भाषेत आणणारी शेकडो माणसं कमी झाली.

दुसरी अडचण मोजणीची. मॉडेल ६ किमीवर आलं तरी ते बरोबर की चूक हे जमिनीवरचं पर्जन्यमापक सांगतं. मंडळात एकच केंद्र असेल तर शेजारच्या गावातला ढगफुटीसारखा पाऊस नोंदीत येत नाही. केंद्रावर ६० मिलिमीटर आणि पाच किलोमीटरवरच्या शिवारात १२०, असं झालं तर संशोधकाचा आकडा चुकतो आणि शेतकऱ्याची भरपाईही अडते. ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्यासाठी केंद्राची 'विंड्स' ही योजना जुलै २०२३ मध्ये जाहीर झाली. ती मराठवाड्यात जितकी पोहोचेल, तितकी पुण्यातली आकडेमोड सुधारेल.

तिसरी अडचण शिक्षणाची. सुपरकॉम्प्युटिंग मिशनची चार प्रमुख प्रशिक्षण केंद्रं खरगपूर, मद्रास, गोवा आणि पलक्कड इथल्या आयआयटींत आहेत. पृथ्वीविज्ञानाचं प्रशिक्षण आयआयटीएम पुण्यात देते. मानवतच्या मुलासाठी यातलं काहीच जवळ नाही. महासंगणकावर दूरून काम करता येतं हे खरं, पण त्यासाठी लिनक्स, प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र शिकवणारं कोणीतरी आसपास असावं लागतं.

मराठवाड्याला स्वतःचा महासंगणक हवा का?

अर्कसारखा नको. त्याची किंमत, वीज, थंडाव्याची व्यवस्था आणि दर काही वर्षांनी करावा लागणारा बदल एखाद्या विभागाला झेपणारा नाही. प्रत्युषनंतर सहा वर्षांत अर्क आणावा लागला, यावरूनच अंदाज येतो.

पण मधली पायरी शक्य आहे. सी-डॅकनं 'परम शावक' नावाचं टेबलाशेजारी मावेल असं छोटं यंत्र बनवलं आहे. ते शिक्षणसंस्थांसाठीच आहे. जागतिक मॉडेल त्यावर चालणार नाही. पण पुण्याहून आलेली माहिती घेऊन गोदावरी-दुधना खोऱ्यापुरतं बारीक मॉडेल शिकणं, शिकवणं आणि चालवून पाहणं अशा यंत्रावर जमू शकतं. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही त्यासाठीची स्वाभाविक ठिकाणं आहेत. मोठं गणित पुण्यात, स्थानिक गणित परभणीत आणि मोजणी गावात, अशी ही वाटणी होऊ शकते.

यात यंत्रापेक्षा पदांचा प्रश्न मोठा आहे. यंत्र एकदा खरेदी होतं. ते चालवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाचा पगार दर महिन्याला लागतो.

मानवतमधला विद्यार्थी आज काय करू शकतो?

बरंच काही, तेही फुकट. भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या जाळीत मानवतच्या सर्वांत जवळचा बिंदू १९.२५ उत्तर अक्षांश आणि ७६.५० पूर्व रेखांश हा आहे. १९०१ पासूनची रोजची नोंद उतरवून घेता येते. ती वाचण्यासाठी 'पायथन' या भाषेतली तयार साधनं मोफत आहेत. संगणक जुना असेल तर 'गूगल कोलॅब'वर ब्राउझरमध्येच काम होतं. तापमान आणि वाऱ्यासाठी युरोपीय केंद्राची 'ईआरए ५' ही माहिती १९४० पासून, तासातासाची, तीही मोफत आहे.

मग प्रश्न विचारायचे:

- जून आणि जुलैमध्ये सलग किती दिवस कोरडे जात होते आणि आता किती जातात?
- पेरणीयोग्य १०० मिलिमीटर पाऊस पूर्ण व्हायची तारीख दशकागणिक पुढे सरकली का?
- सप्टेंबरमधला पाऊस वाढला का? कापसाची बोंडं फुटायच्या आधीचा हा काळ असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. जाळीतला आकडा २५ किमीच्या चौकोनाची सरासरी असतो. त्यामुळे एखाद्या गावात पडलेला १५० मिलिमीटर पाऊस त्यात कमी दिसतो. म्हणून ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची मोजपट्टी या माहितीला जशीच्या तशी लावली तर निष्कर्ष चुकतात. तहसीलमधल्या जुन्या पर्जन्यनोंदी आणि कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावरची मंडळनिहाय नोंद शेजारी ठेवून पडताळणी करावी लागते.

आणखी एक काम कोणत्याही महाविद्यालयाला येत्या पावसाळ्यात करता येईल. रोज सकाळी 'मेरी पंचायत'वरचा पाच-सहा गावांचा अंदाज लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या गावांत साध्या पर्जन्यमापकानं पाऊस मोजायचा. जून ते सप्टेंबर असे १२२ दिवस हे केलं तर ६ किमीच्या मॉडेलवर मानवत तालुक्यात कधी विसंबावं आणि कधी नाही, याची स्थानिक नोंद तयार होईल. अशी नोंद अर्क स्वतः तयार करू शकत नाही. ती मानवतमधूनच पुण्याला जावी लागेल.